घोटे आत पडतात म्हणून पातं बदलायचं का? हॉकी स्केटचं माप, धार आणि प्रोफाइल

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅनडातल्या मिसिसागात राहणाऱ्या एका आईची नऊ वर्षांची मुलगी दुसऱ्या मोसमात हाउस लीग (हौशी, स्थानिक पातळीवरची) आइस हॉकी खेळते. बर्फावर तिचे घोटे आत पडतात आणि डावीकडे वळताना ती घसरते, उजवीकडे नाही. स्केट गेल्या वर्षी मुद्दाम एक साइज मोठे घेतलेले आहेत. प्रशिक्षक सांगतात, पात्याला क्वाड प्रोफाइल करून घ्या, म्हणजे पात्याच्या तळाची टाचेपासून पंजापर्यंतची गोलाई घासून बदला. दुकानदार सांगतो, आधी स्केट बदला. आईनेही यंदा मोठ्यांच्या नवशिक्या वर्गात नाव घातलंय. लहानपणी तिने पुण्यात चार चाकांवरचं स्केटिंग केलं होतं. पण इथे दहा मिनिटांत तिचे तळपाय पेटतात. तर नक्की काय बदलायचं?

ताई, दुकानदार बरोबर आहे आणि प्रशिक्षकही चूक नाहीत. दोघांच्या सल्ल्याचा क्रम लावायचा राहिलाय. मी ऑन्टारिओत स्केटच्या दुकानात बूट बसवण्याचं आणि धार लावण्याचं काम करतो. प्रोफाइल करून द्या म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी तक्रार बुटाची निघते, नाहीतर वाकड्या धारेची. म्हणून आधी बूट, मग धार आणि सगळ्यात शेवटी प्रोफाइल, या क्रमाने जा. टाच बुटात हलत असेल तर पात्याचा आकार कितीही बारकाईने घासून घेतला तरी पाय आणि पातं यांच्यात ढिलाई राहतेच. मग प्रोफाइल चांगलं झालं की वाईट, हेही कळत नाही.

मुलीसाठी आधी घरच्या घरी एक चाचणी करा. स्केट नीट बांधून तिला रबरी चटईवर उभं करा, गुडघे थोडे वाकवायला सांगा आणि मागून पाहा. चटईवरही घोटे आत झुकत असतील तर दोष बुटात आहे: तो मोठा आहे, रुंद आहे, मोडलेला आहे किंवा नाड्या सैल आहेत. क्वचित होल्डरच, म्हणजे पातं धरून ठेवणारा बुटाखालचा भाग, तळाला तिरका बसवलेला असतो. चटईवर पाय सरळ राहतात आणि बर्फावरच पडतात, असं असेल तर धारेकडे किंवा सरावाकडे पाहायचं. लहान मुलांचे घोटे कमजोर असतात म्हणून असं होतं, हे मी रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पालकांच्या तोंडून सतत ऐकतो. नेमक्या मापाचा बूट चढवला की यातले बरेचसे ‘कमजोर’ घोटे तिथल्या तिथे सरळ होतात.

आता एक साइज मोठ्या स्केटबद्दल. वाढत्या अंगाचं घ्यायचं ही आपल्या घरातली जुनी शिस्त. गणवेश, स्वेटर, दप्तर यांना ती चालते. स्केटला अर्ध्या साइजपर्यंत चालते, त्यापुढे नाही. पाय बुटात पुढे सरकला की टाच वर उचलली जाते, घोट्याचं हाड बुटातल्या त्याच्यासाठीच्या खळग्यात बसत नाही आणि बूट जिथे वाकायला हवा तिथे न वाकता भलतीकडे वाकतो. मूल मग तोल सांभाळायला घोटे आत टेकवतं. दोन जोड मोजे घालून जागा भरायचा प्रयत्न तर अजिबात नको. मोज्यावर मोजा घसरतो, घाम साठतो आणि फोड येतात. एकच, पातळ मोजा पुरे. जुन्या काळचे नामांकित हॉकीपटू बघा: बॉबी ऑर मोज्यांशिवायच खेळायचा आणि पॉल कॉफी पायापेक्षा बरेच लहान स्केट घालायचा, हे हॉकीत सगळ्यांना माहीत आहे. त्या टोकाला जायची गरज नाही, पण मोठे खेळाडू कुठल्या बाजूला झुकतात ते यावरून दिसतं.

आहे तो स्केट किती मोठा आहे ते असं मोजा. आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिला त्यावर उभं करा. टाच सोलच्या मागच्या कडेला बरोबर लागलेली हवी. पुढे अंगठ्यासमोर पाच-सहा मिलिमीटर जागा असेल तर मोसम निघेल. बोटाच्या रुंदीहून जास्त जागा असेल तर तो स्केट तिच्यासाठी अजून झालेला नाही, कपाटात ठेवा. सोल निघत नसेल तर नाड्या मोकळ्या करून पाय पुढे सरकवा, अंगठा टोकाला टेकवा आणि टाचेमागे बोट घालून पाहा. तिथे एक बोट जेमतेम जावं. दोन बोटं आरामात जात असतील तर तुमच्या प्रश्नातल्या पहिल्या भागाचं उत्तर तिथेच मिळालं.

नवीन घेताना नेहमीच्या बुटाचा साइज मागू नका. उत्तर अमेरिकेतल्या पुरुषांच्या बुटाच्या आकड्यापेक्षा स्केटचा आकडा साधारण एक ते दीडने कमी असतो. भारतातून आलेल्यांचा इथे दुहेरी घोळ होतो, कारण आपल्याकडच्या चपला-बुटांवर बहुधा ब्रिटिश आकडा असतो आणि तो इथल्या पुरुषांच्या आकड्यापेक्षा सुमारे एकने लहान असतो. त्यात महिलांचे आकडे आणखी वेगळे. तुम्ही इथे महिलांचा ८ घालत असाल तर पुरुषांच्या हिशेबाने तो साधारण साडेसहा होतो आणि स्केट पाचच्या आसपास येतो. हा आकडा फक्त सुरुवात म्हणून धरा. दुकानात पाय मोजायची धातूची पट्टी असते, तिच्यावर दोन्ही पाय उभं राहून मोजून घ्या, बसून नाही. वजन पडलं की पाय लांबतो आणि पसरतो. दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. जमलं तर संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

बूट पायात चढवल्यावर नाड्या बांधण्याआधी टाच दोन-तीनदा जमिनीवर मागे ठोकून नीट मागे बसवा. मग बांधा आणि सरळ उभ्या राहा. बोटांची टोकं पुढच्या टोपीला हलकेच टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे यायला हवीत. उभं राहिल्यावर बोटं दुमडत असतील तर बूट लहान. वाकल्यावर टाच वर येत असेल तर मोठा किंवा मागे रुंद. बूट पायात घेऊन दुकानात वीस मिनिटं बसा, फिरा. ओळखीचा दुकानदार असेल तर तो घाई करणार नाही, आणि करत असेल तर दुसरं दुकान बघा.

लांबी जमली तरी काम संपत नाही. पायाचा आकार तीन बाजूंनी पाहावा लागतो: टाचेची रुंदी, चवड्याची रुंदी आणि पायाच्या वरच्या भागाची उंची. ही तिसरी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. त्यासाठी पेन्सिलची चाचणी आहे. पाय बुटात घाला, नाड्या पूर्ण मोकळ्या ठेवा, जीभ पुढे ओढून घ्या. वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. पेन्सिल दोन्ही कडांवर टेकली आणि पायाला लागली नाही तर बूट पुरेसा खोल आहे. पेन्सिल पायावरच टेकून डुलत असेल तर बूट उथळ आहे. तुम्ही तो कितीही घट्ट बांधलात तरी पाय आत बसत नाही, वर दाबला जातो आणि रक्त अडतं. तळपाय पेटण्याचं आणि बोटं बधिर होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

बॉअर कंपनीच्या सध्याच्या स्केटमध्ये फिट १, फिट २ आणि फिट ३ असे तीन प्रकार येतात, पहिला सगळ्यात निमुळता आणि तिसरा सगळ्यात ऐसपैस. सीसीएम कंपनीच्या स्केटमध्ये टेपर्ड, रेग्युलर आणि वाइड. जुन्या जोड्यांवर डी आणि ईई अशी अक्षरं दिसतील, त्यातला ईई रुंद. काही दुकानांत पाय स्कॅन करून कुठला प्रकार घ्यायचा ते सांगणारं यंत्र असतं. ते उपयोगी आहे, पण त्याचं ऐकून बूट न घालताच पैसे देऊ नका. चपला-सँडलमध्ये वाढलेल्या आपल्या लोकांचा चवडा पुढे पसरट आणि टाच त्या मानाने अरुंद, असं मी माझ्या कामात पुष्कळदा पाहतो. अशा पायाला चवड्याच्या हिशेबाने सगळ्यात रुंद बूट दिला तर चवड्याला बरं वाटतं आणि टाच खेळायला लागते. मी उलटं करतो. टाच घट्ट धरणारा बूट निवडतो आणि चवड्याच्या जागी तो गरम करून ताणतो. ताणून रुंद करता येतं, सैल टाच मात्र आवळता येत नाही.

गरम करण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग करतात. बूट साधारण ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवला जातो. किती मिनिटं ते मॉडेलवर ठरतं आणि कंपनी ते लिहून देते. मग पाय घालून बांधायचा आणि दहा-पंधरा मिनिटं बसून राहायचं. उभं राहायचं नाही, चालायचं तर नाहीच. बांधताना नाड्या वर न ओढता बाजूला ओढायच्या, कारण गरम असताना भोकांच्या कड्या निघून येतात. त्यानंतर एक पूर्ण दिवस त्या स्केटवर बर्फावर जायचं नाही. घरच्या ओव्हनचं तापमान वरखाली होतं, एखादी कड लालभडक तापलेली असते आणि डिंक सुटतो. दुकानात नवीन जोडीबरोबर हे बहुधा फुकट करून मिळतं, तेव्हा तिथेच करा. यातून चुकीचा साइज बरोबर होत नाही. घोट्याच्या हाडावर, पायाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावर किंवा करंगळीपाशी जो एकच बिंदू टोचतो, त्यासाठी आणखी एक काम असतं. तेवढी जागा तापवून एका शिकंज्याने बाहेर फुगवतात. टोचणाऱ्या जागेवर लिपस्टिकचा ठिपका लावून पाय बुटात घातला की आत नेमकी खूण उमटते. तुमच्याकडे लिपस्टिक नसेल तर दुकानदाराकडे असतेच.

मुलीच्या बाबतीत अजून एक गोष्ट. महाग स्केट म्हणजे जास्त कडक स्केट. चांगल्या पगाराच्या घरात पोरांना वरचं मॉडेल घेऊन द्यायचा मोह होतो. पंचवीस-तीस किलोचं मूल तो बूट वाकवूच शकत नाही, मग गुडघेही वाकत नाहीत आणि ते काठीसारखं ताठ उभं राहतं. तिच्यासाठी मधल्या किमतीचा, नेमक्या मापाचा बूट घ्या. वापरलेला घेत असाल तर घोट्याच्या जागी दोन्ही बाजूंनी हाताने दाबून पाहा. बाजू सहज एकमेकींना लागत असतील तर तो बूट मेलेला आहे. सोल काढून आतल्या रिव्हेटना गंज आहे का बघा, होल्डरला चीर आहे का बघा, आणि पात्यात किती पोलाद उरलंय तेही. त्याबद्दल पुढे येईल.

आता तुमचे पेटणारे तळपाय. पुण्यातल्या चार चाकांवर पाय सपाट उभा राहतो, तोल आपोआप मिळतो. इथे उभं राहायचं ते साधारण ३ मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर, आणि घाबरलेला पाय बोटं दुमडून बूट पकडायला बघतो. ती बोटं दुमडली की तळव्याचा स्नायू सतत ताणात राहतो आणि जळजळ होते. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी तिथून येतात आणि चार-सहा आठवड्यांच्या सरावाने त्या विरतात. उरलेल्या निम्म्या बुटातून येतात: मधे अति घट्ट नाडी, उथळ बूट, सैल टाच, किंवा कमानीला आधार न देणारा सपाट सोल. पेन्सिलची चाचणी पास झाली आणि टाचही पक्की बसली, तर दुकानात मिळणारा कमानीचा सोल घालून पाहा. मूळ सोल काढून तो बसवायचा, त्यावर चढवायचा नाही.

नाड्या बांधायची पद्धत बदललीत तरी पुष्कळ फरक पडेल. बोटांवरची दोन-तीन भोकं सैल, मधला भाग फक्त अंगाबरोबर, आणि घोटा जिथे वाकतो तिथली दोन भोकं घट्ट. त्या वाकाच्या जागी टाच मागे ढकलली जाते. सगळ्यात वरचं भोक तुम्ही मोकळं सोडा, गुडघा पुढे जायला जागा मिळते. नाडी उरली म्हणून ती घोट्याभोवती गुंडाळू नका. पायाच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंच्या दोऱ्यांवर दाब येऊन तिथे सूज येते. आठवडे जातात बरं व्हायला. लांब नाडी कापा किंवा लहान आणा. मेण लावलेली नाडी बांधताना सरकत नाही, तुम्हाला ती सोपी जाईल. मुलीला मात्र सुटताना त्रास देते.

बूट झाला. आता धार.

हॉकीच्या पात्याचा तळ सपाट नसतो. त्याला लांबीभर एक उथळ पन्हळ असते, तिच्या दोन कडा म्हणजे आतली आणि बाहेरची धार. ही पन्हळ म्हणजे हॉलो. तो ज्या वर्तुळाचा तुकडा असतो त्याच्या त्रिज्येवरून त्याचं माप सांगतात: ३/८ इंच, १/२ इंच, ५/८ इंच, ३/४ इंच. आकडा लहान तितकी पन्हळ खोल, पकड जास्त आणि घसरण कमी. आकडा मोठा तितकी ती उथळ, पातं सहज पळतं पण बर्फाला कमी चावतं. प्रत्यक्षात हे फरक किती बारीक असतात तेही पाहा. पातं सुमारे २.९ मिलिमीटर जाड धरलं तर अर्ध्या इंचाच्या हॉलोची खोली येते ०.०८ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. ३/८ ला ती ०.११ आणि ३/४ ला ०.०५५. एवढ्याशा फरकाने वळण बदलतं. म्हणून यंत्रावरच्या दगडाला आकार नीट दिलेला नसला, तर एका दुकानातला ‘अर्धा इंच’ दुसऱ्या दुकानातल्यापेक्षा वेगळा लागतो. एकच दुकान धरा, शक्य असेल तर एकच हात धरा.

वजन कमी असेल तर पातं बर्फात कमी रुततं, म्हणून लहान मुलांना तुलनेने खोल हॉलो लागतो. तुमच्या मुलीसाठी १/२ योग्य वाटतो. घसरणं चालूच राहिलं तर ७/१६ बघा. तुम्ही स्वतः १/२ ने सुरुवात करा. थांबताना पातं अडखळून खडखडत असेल तर पुढच्या वेळी ५/८ मागा. बाजूला थांबायला शिकणाऱ्याला अति खोल धार वैरी असते, पातं आडवं घसरायच्या ऐवजी अडकतं आणि माणूस तोंडावर येतो. एका वेळी एकच पायरी बदला, दोन-तीन वेळा खेळून बघा, मग ठरवा. काही दुकानांत पन्हळीऐवजी मध्ये सपाट आणि कडांना उतार असलेला तळ करून देतात, त्याचे आकडे १००/५० असे जोडीने येतात. तोही चांगला आहे, पण पहिल्या वर्षी त्यात शिरू नका. बाहेरच्या नैसर्गिक बर्फावर जात असाल तर एक लक्षात ठेवा, कडाक्याच्या थंडीत बर्फ कठीण होतो आणि तुमची रिंकवरची धार तिथे कमी चावते.

मुलगी फक्त डावीकडे घसरते हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा धागा. डावीकडे वळताना दोन्ही पाती डावीकडे झुकतात. म्हणजे डाव्या पायाची बाहेरची धार आणि उजव्या पायाची आतली धार, या दोन कडा काम करतात. दोन्ही पात्यांच्या त्या डाव्या कडाच आहेत. धार लावणारा दोन्ही पाती बहुधा एकाच दिशेने शिकंज्यात धरतो. दगड पात्याच्या मध्यावर नसून जरासा बाजूला असेल तर दोन्ही पात्यांची एकाच बाजूची कड खाली राहते. त्यामुळे मुलाला एका बाजूला छान वळता येतं आणि दुसरीकडे जमिनीचा आधारच गेल्यासारखं होतं. पालक समजतात, डावं वळण कच्चं आहे. प्रशिक्षकही कधी कधी तसंच समजतात.

हे घरी तपासता येतं. स्केट उलटा धरा, पातं वर करा. एक नाणं पात्यावर आडवं ठेवा, दोन्ही कडांवर टेकेल असं. डोळ्याच्या रेषेत आणून पाहा, नाणं पात्याशी काटकोनात आहे की एका बाजूला झुकलंय. होल्डरची कड किंवा पात्याची बाजू हा तुमचा संदर्भ. दुकानात यासाठी चुंबकाचं छोटं मापक असतं, ते लावून दाखवा असं सरळ सांगा. चांगला कारागीर रागावत नाही. नखाची चाचणीही करा: नखाचा पृष्ठभाग दोन्ही कडांवरून आडवा ओढला तर दोन्हीकडून सारखा पापुद्रा निघायला हवा. एका ठिकाणी नख अडत असेल तर तिथे खरवड आहे. रबरी चटईवरून बाहेर काँक्रीटवर एक पाऊल पडलं तरी अशी खरवड येते.

किती तासांनी धार लावायची याला पक्का नियम नाही. बहुतेकांचं पाच ते दहा तासांच्या खेळात काम होतं, लहान मुलांचं त्यापेक्षा जास्तही चालतं. नवीन स्केट दुकानातून धार न लावलेले येतात, पहिल्या दिवशी रिंकवर नेण्याआधी लावून घ्या, हे विसरून लोक मुलाला रडवतात. खेळ झाला की पातं फडक्याने कोरडं करा. प्लास्टिकचं कडक कव्हर चालण्यापुरतं, पिशवीत ठेवताना कापडी कव्हर. कडक कव्हरात पाणी साठतं आणि रात्रीत गंज धरतो.

आता प्रोफाइल. हॉलो पात्याच्या रुंदीत मोजायचा, प्रोफाइल लांबीत. पात्याला बाजूने पाहिलं तर तळ टाचेपासून पंजापर्यंत हलकासा गोलावलेला दिसेल. त्या गोलाईची त्रिज्या फुटांत मोजतात. बहुतेक नव्या पात्यांना ती सुमारे १० फुटांची असते. ७ ते ९ फूट म्हणजे जास्त गोल, चटकन फिरणारं. ११ ते १३ फूट म्हणजे चपटं, स्थिर, लांब घसरणारं. फिगर स्केटिंगच्या पात्यांना ७-८ फूट असतात, गोलकीपरला त्याच्या कितीतरी पट चपटं पातं लागतं.

आकडे ऐकून वाटतं तेवढा फरक बर्फावर पडत नाही, हे मात्र मला ठासून सांगायचंय. पातं बर्फात समजा ०.१ मिलिमीटर रुतलं, तर १० फुटांच्या त्रिज्येला सुमारे ४९ मिलिमीटर लांबी बर्फाला लागते आणि १३ फुटांच्या त्रिज्येला ५६. त्रिज्या ३० टक्के वाढली, टेकणारी लांबी १४ टक्के. वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला हे सात मिलिमीटर लगेच जाणवतात. ज्याला अजून एका पायावर उभं राहता येत नाही त्याला नाही.

क्वाड म्हणजे एकाच पात्यावर चार त्रिज्या. पंजाकडे लहान, टाचेकडे क्रमाने मोठी. पंजावर आलं की सुटायला आणि वळायला सोपं, टाचेकडे वजन नेलं की स्थिर. स्वीडनच्या प्रोशार्प कंपनीच्या यंत्रांमुळे हे नाव सगळीकडे रुजलं. त्याच कंपनीचं, त्रिज्या सलग बदलत नेणारं एलिप्सही आहे. यातलं कुठलं बरं, यावर ड्रेसिंग रूममध्ये लोक तासभर भांडतात. माझं मत विचाराल तर खेळाडूच्या पायाला जे ओळखीचं झालंय ते बरं.

प्रशिक्षक चूक नाहीत असं मी का म्हणालो, तर लहान पात्याचा हिशेब वेगळा असतो. १० फुटांची गोलाई २८८ मिलिमीटरच्या मोठ्या पात्याला दिली तर मध्यापासून टोकापर्यंत तळ जवळपास ३.४ मिलिमीटर वर उचलला जातो. तीच गोलाई मुलीच्या २३० मिलिमीटरच्या पात्याला दिली तर उचल जेमतेम २.२. म्हणजे कारखान्यातून आलेलं पातं तिच्या पायाखाली मोठ्यांच्या मानाने चपटं पडतं आणि वळायला जड जातं. तिच्या बुटाची टाच पक्की झाली, धार सरळ झाली आणि तरी ती फिरताना पातं ओढत असल्यासारखी दिसली, तर ९ फूट किंवा लहान पात्यांसाठीचं क्वाड करून बघण्यात अर्थ आहे. पण आत्ताच्या मोठ्या स्केटवर ते पैसे घालू नका. प्रोफाइल पात्यात कोरलेलं असतं, पाय वाढून जोडी बदलली की ते दुकानात किंवा भावंडाकडे जातं.

तुमच्यासाठी प्रोफाइलचा विचार पुढच्या वर्षी. एक अपवाद आहे. गुडघे नीट वाकवूनही सतत टाचेवर फेकल्यासारखं किंवा पंजावर कोसळल्यासारखं वाटत असेल, तर पात्याचा मध्यबिंदू सरकलेला असू शकतो. वापरलेल्या जोडीत हे फार दिसतं. आधीच्या कारागिराने दर वेळी पंजावर आणि टाचेवर जास्त दाबून घासलेलं असतं, गोलाई बिघडत जाते आणि पातं मधेच टेकतं. अशा वेळी पूर्ववत प्रोफाइल करून घेणं हा चैनीचा नाही, दुरुस्तीचा खर्च आहे.

तर या आठवड्यात एवढं करा. मुलीच्या स्केटचा सोल काढून माप घ्या. मोठा निघाला, जो निघेलच असं वाटतं, तर नेमक्या मापाची जोडी बघा, वापरलेली चालेल. त्याच दुकानात धार १/२ ला लावून घ्या आणि दोन्ही कडा सारख्या आहेत ते मापकावर दाखवायला सांगा. मग चार सराव होऊ द्या. डावीकडचं घसरणं थांबलं का ते बघा. नंतर प्रशिक्षकांना परत विचारा आणि त्यांनी तेव्हाही प्रोफाइल म्हटलं तर करा. करताना त्रिज्या किंवा प्रोफाइलचं नाव होल्डरच्या आतल्या बाजूला टेपवर लिहून ठेवा, हॉलोचा आकडाही लिहा. दुसऱ्या दुकानात धार लावायला गेलात की तो टेप दाखवा, म्हणजे तुमचं प्रोफाइल कोणी नेहमीच्या सवयीने घासून टाकणार नाही.

पोलादाचं राहिलं होतं. प्रत्येक धारेला पातं थोडं झिजतं, प्रोफाइलला जरा जास्त झिजतं. पात्याची उंची कमी झाली की खोल झुकून वळताना होल्डर बर्फाला लागतो आणि पाय अचानक निसटतो. मुलीसाठी वापरलेली जोडी घेताना नव्या जोडीच्या पात्याशेजारी धरून उंची बघा. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या पात्याची किंमत मनात धरूनच भाव करा. होल्डर चांगला असला तर नुसतं पातं बदलून मिळतं आणि ते नव्या जोडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.